शाकाहाराचा निषेध आणि विधी

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात मिरजगाव येथे दिलेले व्याख्यान)



व्यवस्थापक मंडळाने ‘शाकाहार आणि आरोग्य’ या विषयावर बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात हयात घालविलेल्या माणसाने जेवढे वाचावे, विचारावे आणि पाहावे, तेवढेच आमचे भांडवल आहे. औषधोपचार सांगणे हे आमचे काम नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात काय शिजते, ते कोणाच्या पानात किती पडते आणि त्यातून शरीरास काय मिळते, एवढाच विचार आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

आपल्या ज्ञातीत शाकाहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु कोणत्याही आचाराला दोन बाजू असतात. अमुक करू नये हा निषेध, आणि अमुक करावे हा विधी. आपल्या पूर्वजांनी आहाराचे निषेध घालून दिले, तसेच विधीही घालून दिले. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी, श्रावणात रानभाज्या, संक्रांतीस तीळगूळ, थंडीत हुलग्याचे शेंगोळे, उन्हाळ्यात ज्वारीची आंबील, रोजच्या पानात जवसाची किंवा कारळाची चटणी, हे सारे विधी होते. गेल्या दोन पिढ्यांत असे झाले की, निषेध आपण काटेकोरपणे सांभाळले आणि विधी मात्र हळूहळू गळून गेले. काय खाऊ नये हे आपल्या घरातील पाच वर्षांचे मूल सांगते. काय खावे हे विचारले तर वडील माणूसही घुटमळतो. आमच्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे की, शाकाहारात उणीव येते ती बहुतांशी या विसरलेल्या विधीमुळे. एक उणीव मात्र अशी आहे की, ती भाजीपाला आणि धान्य यांनी कधीच भरून निघत नाही. तिचा विचार वेगळा आणि मोकळ्या मनाने केला पाहिजे.

प्रथम प्रथिनांचा विचार करू. शाकाहारी माणसास प्रथिने मिळत नाहीत, असे पुष्कळदा ऐकू येते. हे खरे नाही. परंतु ती आपोआप मिळतात, हेही खरे नाही. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी एक धान्यात कमी असतो व डाळीत भरपूर असतो. दुसरा डाळीत कमी असतो व धान्यात पुरेसा असतो. म्हणून भाकरी आणि आमटी, खिचडी, पुरणपोळी, थालीपीठ या जोड्या केवळ रुचीच्या नाहीत. एकीची उणीव दुसरी भरून काढते. हिंदुस्थानी वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. ज्वारीच्या एका भाकरीत सहा ग्रॅमच्या आसपास व घट्ट वरणाच्या एका वाटीत तितकीच असतात. यावरून हिशेब सोपा आहे. तीन वाट्या धान्य शिजले तर त्यासोबत एक वाटी डाळ किंवा कडधान्य शिजले पाहिजे.

आता आपल्या घरची आमटी डोळ्यांपुढे आणा. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, महागाई वाढली की डाळ घटते, आणि शेवटच्या पंक्तीस तर पिवळे पाणीच उरते. आमटीचा रंग तोच, फोडणीचा वास तोच. परंतु तिच्यातील सत्त्व गेलेले असते. हुलगा, मटकी, मूग, हरभरा ही आपल्या कोरडवाहू भागातील कडधान्ये आहेत. शंभर ग्रॅम मटकीत वा मसुरीत सुमारे २३ ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. भुईमुगाच्या दाण्यांतही तितकीच असतात. ती भिजवून मोड आणली की पचनास हलकी होतात, आणि त्यांतील लोहास अडवून ठेवणारे द्रव्य कमी होते. आपल्या आज्या फडक्यात मटकी बांधून ठेवीत, ते काही उगाच नव्हे.

दुसरा विषय लोहाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. पुरुषांत मात्र २२ टक्के. या आकड्यांत शाकाहारी व मांसाहारी दोन्ही प्रकारची घरे आली. तेव्हा दोष एकट्या शाकाहाराचा नाही, हे उघड आहे. तरीही भाजी-धान्यातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. मांसातील लोहाच्या मानाने ते बरेच कमी लागू पडते. म्हणून शाकाहारी घरास या बाबतीत दुप्पट सावध राहणे प्राप्त आहे.

या बाबतीत आपल्या भागातील बाजरीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट संस्था आणि आपल्या जिल्ह्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ‘धनशक्ती’ नावाचे अधिक लोहाचे बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. अशाच लोहयुक्त बाजरीची परीक्षा महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शाळकरी मुलांवर घेण्यात आली आणि तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांस लोहयुक्त बाजरीची भाकरी, तर काहींस साध्या बाजरीची भाकरी देण्यात आली. ज्या मुलांत आरंभी लोहाची उणीव होती, त्यांच्यापैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याचा संभव दुसऱ्यांपेक्षा दीडपटीहून अधिक दिसून आला. तेव्हा औषधाच्या दुकानाआधी धान्याच्या कोठीकडे पाहण्यास जागा आहे. चपाती प्रतिष्ठेची आणि भाकरी गरिबाची, ही समजूत आता सोडून द्यावी, अशी आमची विनंती आहे.

लोह पोटात जाणे आणि ते अंगी लागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जेवणात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, पेरू वा आवळा असेल तर लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते अडवितो. आपल्याकडे सकाळी चहात भाकरी वा चपाती बुडवून खाण्याची रीत घरोघर आहे. सबंध रात्रीच्या उपवासानंतरचे हे पहिले अन्न; त्यातील लोह चहाच्या पेल्यातच अडकून पडते. चहा सोडा असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवणे कोणास अवघड आहे? भाजी लोखंडी कढईत आणि भाकरी लोखंडी तव्यावर करावी. कढईत चिंच वा आमसूल घातलेली भाजी काळपट होते, म्हणून सुना नाके मुरडतात. परंतु तो काळपटपणा पुष्कळसा लोहाचाच असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्या मंडळींनी राग मानू नये. पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, असे २०२० चे प्रमाण सांगते. बाळंतपणाच्या वयातील स्त्रीस २९ मिलिग्रॅम लागते. म्हणजे घरातील सर्वांत अधिक लोहाची गरज सुनेला आणि वयात आलेल्या मुलीला असते. आणि आपल्या घरांत सर्वांत शेवटी पानावर कोण बसते? तीच सून. तिच्या वाट्यास भाजीचा तळ, आमटीचे पाणी आणि सकाळची उरलेली भाकरी येते. दूध सासऱ्यास आणि नातवास, सायीचे दही पाहुण्यास, आणि तिला दोन वेळचा चहा. मग ती थकते, तिला धाप लागते, जिना चढताना ती भिंतीस हात टेकते, आणि आपण म्हणतो, ‘हिची प्रकृतीच नाजूक.’ प्रकृती नाजूक नसते. पंक्ती चुकीची असते. ज्या धर्माने प्राणिमात्रावर दया करावयास शिकविले, तो धर्म पाळणाऱ्या घरात घरच्याच लक्ष्मीचे रक्त आटावे, हे आपल्या शाकाहारास शोभणारे नाही.

यापुढे ज्या उणिवेचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे ब-१२ या जीवनसत्त्वाची. याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, आणि त्यातील एक दुवा आपल्या मुंबईचा आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांस होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेणे, हे त्यांचे काम होते. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्याच्या किण्वाचा अर्क दिला असता त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि १९४१ साली त्यास फोलिक आम्ल हे नाव मिळाले. पालेभाजी भरपूर खाणाऱ्यास ते मिळते. परंतु रक्तक्षयाचा एक प्रकार असा होता की, तो केवळ प्राण्यांच्या यकृताने हटे. त्यातील द्रव्य १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. तेच हे ब-१२.

हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करते, ना प्राणी. ते केवळ सूक्ष्म जंतू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटात असे जंतू असतात, म्हणून ते दुधात उतरते. धान्य, डाळ, भाजी, फळ, तेल यांत ते नसते. मोड आलेल्या कडधान्यात, आंबवलेल्या पिठात आणि शेवाळाच्या भुकटीत ते मिळते असे सांगणारे पुष्कळ आढळतात. परंतु त्यांवर विसंबता येत नाही. शेवाळात सापडते ते बहुतांशी त्याच्यासारखे दिसणारे, पण शरीरास उपयोगी न पडणारे द्रव्य असते. तुपातही ते नाही. शाकाहाऱ्यास उरते ते दूध, दही, ताक आणि पनीर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांनी पुणे शहर, तेथील झोपडवस्ती आणि आसपासची खेडी यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार १०० पैकी ६७ जणांत ब-१२ कमी होते. आणखी नवल असे की, शहरातील सुस्थितीतल्या मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ होते. शाकाहारी पुरुषांत ही उणीव असण्याचा संभव इतरांच्या चौपटीहून अधिक होता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांचा जो अभ्यास त्यांनी चालविला, त्यातही सुमारे दोन तृतीयांश मातांत हीच उणीव दिसून आली. ही कोणा दूरच्या देशाची गोष्ट नव्हे. भाकरी, भात, वरण आणि भाजी जेवणाऱ्या आपल्याच माणसांची आहे.

या उणिवेचे कपट असे की, ती हळू येते. यकृतात साठा असतो तो काही वर्षे पुरतो; मग हातापायांस मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, जीभ लाल होऊन झोंबते, विसर पडू लागतो, अंधारात चालताना तोल जातो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांस असेच होत असे. घरच्यांनी वात म्हणून वर्षभर तेल चोळले, वय झाले म्हणून समाधान केले. अखेर रक्त तपासले तेव्हा कारण कळले. उपचार झाले, मुंग्या गेल्या, स्मरणशक्ती सुधारली. परंतु पायांचा बधिरपणा काही अंशी राहिला तो राहिलाच. मज्जातंतूंची हानी फार दिवस राहिली तर ती पुरती भरून येत नाही. मातेच्या अंगी ब-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते पुरेसे नसते, आणि अंगावर पिणाऱ्या बालकाची वाढ खुंटते, शिकलेले खेळ ते विसरते. म्हणून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींच्या बाबतीत हयगय करू नये.

येथे एक धोक्याची सूचना द्यावयाची आहे. सरकारी केंद्रातून गरोदर स्त्रियांस लोह आणि फोलिक आम्ल यांच्या गोळ्या मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात. परंतु ब-१२ ची उणीव असता केवळ फोलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, आणि आत मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. यास्तव शाकाहारी स्त्रीने डॉक्टरांस आपण शाकाहारी आहो हे सांगावे आणि ब-१२ विषयी विचारावे. मधुमेहावर मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, तसेच पित्तावरील गोळ्या सतत घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते. ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. तपासणी मात्र करून घ्यावी.

मग करावे काय? प्रौढ माणसास दिवसाला अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ पुरते. दुधाच्या मोठ्या पेल्यात सुमारे एक मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दररोज दोन मोठे पेले दूध वा तितकेच दही पोटात गेले, आणि पचन चांगले असले, तर बहुतेकांचे भागते. परंतु आपण दूध पितो म्हणजे काय करतो? चहात चार चमचे घालतो. डेअरीच्या गाड्या भरभरून जातात आणि दूधवाल्याच्याच घरी कोरा चहा उकळतो, असे आपल्या भागात दिसते. ज्यांना इतके दूध परवडत नाही, पचत नाही वा आवडत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घ्यावी.

गोळीचे नाव काढताच आमच्या वृद्ध मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. ‘गोळीत काय असेल कोण जाणे, आपला धर्म बुडावयाचा!’ ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही आहे. औषधातील ब-१२ मांसातून काढीत नाहीत. मोठ्या पात्रांत सूक्ष्म जंतूंची वाढ करून, दही विरजावे तशा रीतीने ते तयार करतात. पाहावयाचे ते एवढेच की, कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन प्राणिज असते. म्हणून साधी गोळी वा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मागावी. ड जीवनसत्त्वाचे औषधही बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धापासून करतात. त्यासाठी मेंढी मारीत नाहीत. तरीही ज्यांस ते नको, त्यांच्यासाठी वनस्पतिज प्रकार उपलब्ध आहे. विचारण्यास संकोच करू नये. शंका मनात ठेवून आजार अंगावर काढणे हा काही धर्म नव्हे.

कोणी म्हणेल, गोळी घ्यावी लागते म्हणजे शाकाहार अपुरा ठरला. मग विरोधकांस काय उत्तर द्यावे? आमच्या मते हा अभिमान पोकळ आहे. महात्मा गांधींएवढा आहाराचा कठोर प्रयोग करणारा माणूस दुसरा सापडणे कठीण. त्यांनी दूध वर्ज्य केले होते. पण मोठ्या आजारानंतर १९१९ मध्ये त्यांना बकरीचे दूध घ्यावे लागले. पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात असता त्यांनी आरोग्यावर जे लहानसे पुस्तक लिहिले, त्यात दुधावाचून चालत नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. सत्य मान्य केल्याने त्यांचा शाकाहार उणा झाला नाही. आपण मिठातून आयोडीन घेतो, त्यात कोणाची अप्रतिष्ठा होत नाही. ही गोळीही तशीच समजावी.

चुना, म्हणजे कॅल्शियम, याविषयी थोडक्यात सांगतो. दूध हा त्याचा मुख्य आधार. त्याखालोखाल तीळ आणि नाचणी. दहा ग्रॅम बिनसडीच्या तिळात शंभर मिलिलिटर दुधाइतका चुना असतो, जरी तो सगळा अंगी लागत नसला तरी; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शेवग्याचा पाला तर आपल्या परसात वाया जातो. शेंगा तोडतो आणि पाला शेळीपुढे टाकतो. हाच पाला लोह, चुना आणि डोळ्यांस हितकारक अ जीवनसत्त्व यांचा साठा आहे. चुना हाडांत बसण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने मिळते. शेतात राबणाऱ्यास त्याची चिंता कमी. दुकानाच्या गादीवर, कचेरीत वा माजघरात दिवस काढणाऱ्यांनी रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात बसावे.

आता आपल्या उपवासांकडे पाहू. एकादशी, सोमवार, चतुर्थी, संकष्टी मिळून काही घरांत महिन्याचे आठ-दहा दिवस उपवासाचे होतात, आणि ते अधिककरून स्त्रियाच करितात. उपवास करावा, परंतु त्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि चहा यांवर राहावे असे कोठे आहे? साबुदाणा म्हणजे कंदाचे निव्वळ पीठ. त्यात प्रथिने नाममात्र. त्याची खिचडी बरी ठरते ती त्यातील दाण्यांच्या कुटामुळे. त्यापेक्षा राजगिरा घ्यावा. त्यात प्रथिने तेरा-चौदा टक्के, आणि लोह व चुनाही चांगला. राजगिऱ्याची भाकरी, भगर, दाण्याची आमटी, ताक आणि एखादे फळ एवढे पानात असले तर उपवास शरीरास शिक्षा ठरणार नाही.

मुलांविषयी एकच गोष्ट सांगतो. २०२३ साली राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे, आणि जे खात नाहीत त्यांस केळे, देण्याचे ठरविले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांस केळ्याची सोय झाली म्हणून समाधान वाटले. केळे चांगलेच आहे. परंतु अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि काही ब-१२ असते. केळ्यात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास आणि ब-१२ मुळीच नाही. आपल्या मुलाने अंडे नाकारले, तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारी शाळेआधी आपली आहे. पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे-गूळ आणि उसळीची वाटी हे त्याचे उत्तर आहे. पाच रुपयांची वेफरची पिशवीही शाकाहारीच असते. परंतु तिच्यावरील हिरवा ठिपका आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

हे सारे करण्यासाठी मोठी विद्या वा मोठा पैसा लागतो असे नाही. याची दोन उदाहरणे आपल्या जिल्ह्यातच आहेत. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांतील, कित्येक तर निरक्षर, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि गरोदर मातेची काळजी व मुलांचे पोषण त्यांच्या हाती सोपविले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, घेवडा आणि इतर भाज्यांची गावठी बियाणी जपली, परसबागा उभ्या केल्या, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. जे त्यांनी केले त्यातले चार आणे तरी आपणांस साधावे. सांडपाण्यावर एक शेवगा, एक लिंबू, अळूचे चार कंद, आणि तांदुळजा, चाकवत, अंबाडी यांचे एक वाफे एवढे मिरजगावच्या लहानशा परसातही मावते. पावसाळ्यात बांधावर उगवणारी घोळ, माघात मिळणारी करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला या विसरलेल्या भाज्या मुलींस ओळखावयास शिकवाव्यात, आणि मुलांसही.

शेवटी ज्ञातिसभेपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली : पुढील संमेलनाच्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या साहाय्याने स्त्रिया व मुले यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी. बारापेक्षा कमी असणाऱ्या स्त्रीस पुढील उपचारास पाठवावे, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्या तपासणीचा खर्च ज्ञातिनिधीतून व्हावा. दुसरी : संमेलनाच्या व लग्नकार्याच्या भोजनात दोन गोड पदार्थांऐवजी एक गोड आणि एक उसळ असावी, व बाजरी-ज्वारीच्या भाकरीस मानाचे स्थान द्यावे. तिसरी : पासष्टीपुढील प्रत्येकाने, तसेच गरोदर भगिनींनी, ब-१२ विषयी डॉक्टरांस विचारावे. चौथी सूचना पैशाची नाही, म्हणून ती सर्वांत कठीण. घरातील सर्वांनी एकाच पंक्तीस बसावे. कामामुळे ते जमत नसेल, तर वाढावयास घेण्यापूर्वी सुनेचे व मुलीचे पान आधी काढून झाकून ठेवावे. त्यात डाळीचा घट्ट भाग असावा, पालेभाजी असावी, आणि वाटीभर दही असावे.

लग्न ठरविताना आपण मुलीचे गोत्र पाहतो, शिक्षण पाहतो, वर्ण पाहतो. आपल्या घरी आलेल्या मुलीचे रक्त पाच वर्षांनी वाढले की घटले, हे मात्र कोणी पाहत नाही. ते पाहिले जाईल त्या दिवशी आपल्या शाकाहाराचा विधी पुन्हा सुरू झाला असे आम्ही समजू.